थेंबाचे मार्क

गेल्या आठवड्यात मी एका नव्याकोऱ्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये अनवाणी शिरलो. दाराशी आलो आणि पाय आपोआप थबकले. एका पायाच्या अंगठ्यानं दुसऱ्या पायातली चप्पल ढकलली, मग तिची जोडीदारीण काढली, दोघींना भिंतीशी नीट लावलं आणि गाभाऱ्यात शिरावं तसा वाकून आत गेलो. आत सगळी पोरं बूट घालून बसलेली. एका मुलीनं शेजारणीला कोपर मारलं. मला बोलावणारे तरुण प्राध्यापक लगबगीनं पुढे आले आणि हळूच म्हणाले, "सर, पायाला काही लागलंय का?" आता काय सांगणार? "हो, जरासं," म्हणालो. त्या एका शब्दापायी पुढचा सगळा कार्यक्रम मला लंगडत काढावा लागला, आणि त्यातही मध्येच पाय बदलला.

कार्यक्रम विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टांचा होता. मला 'ज्येष्ठ मार्गदर्शक' म्हणून बोलावलं होतं. म्हणजे याचे केस पिकलेत, आता नारळ द्यायला हरकत नाही. प्राध्यापकांनी पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली. पहिल्याच चित्रात निरनिराळ्या रंगांचे हात पृथ्वी उचलून धरत होते. पहिल्या चित्रात पृथ्वी दिसली की मी समजून जातो, पुढे काही नाही. मग ते सांगू लागले. विद्यार्थ्यांनी खोटे खोटे प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी लोकांच्या अडीअडचणीचे लिहावेत. पूर, दवाखाना, अपंगांची शाळा. आतला कोड सगळ्यांना खुला ठेवावा. एका बॅचनं लिहिलेलं पुढच्या बॅचनं दुरुस्त करावं. "ही अगदी नवी शिक्षणपद्धती आहे, सर. परदेशात यावर आता खूप काम चाललंय." मी मान डोलावली. समोरच्या पोरांच्या छातीवर 'मानवतेसाठी कोड' असं छापलेलं होतं. मानवतेच्या हाती अजून काही पडलं नव्हतं, पण टी-शर्ट मात्र सगळ्यांना मिळाले होते.

खिडकीबाहेर एप्रिलचं पांढरं ऊन पसरलेलं. कॉरिडॉरमध्ये जर्नलांचे गठ्ठे, सही घ्यायला धावणारी पोरं, कुणाचं तरी हरवलेलं हॉलतिकीट. प्रात्यक्षिक परीक्षांचा हंगाम. दरवर्षी हा वास नाकात शिरला की माझं डोकं फिरतं. ताज्या बायंडिंगची खळ, घाम, आणि कूलरच्या वाळ्याचा ओला वास. त्यात आता हे 'अगदी नवी पद्धती'! मनात असा काही तुच्छभाव दाटून आला की लंगडायचंच विसरलो.

जळगावचा उन्हाळा ज्यानं काढला नाही, त्याच्याशी मी उन्हाळ्याबद्दल बोलत नाही. पुण्याची माणसं रुमालानं मान पुसत "यंदा फारच तापतंय हो" म्हणतात, तेव्हा मला त्यांची कीव येते. आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. केळीची पानं कडेनं करपून कागदासारखी वाजायची. स्कूटरवर बसण्याआधी सीटवर लोटाभर पाणी ओतावं लागे, आणि ते खाली पोचायच्या आत वाफ होऊन जाई. अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांना राखण लागत नसे, कारण चिमण्यांनाही तेवढी हिंमत नव्हती. संध्याकाळ झाली की पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत लोक खाटा बाहेर टाकायचे आणि एकमेकांना फक्त हुंकार द्यायचे, कारण शब्द बोलायला जी ओल लागते ती कुणाच्या तोंडात उरलेली नसे.

या भट्टीत आख्ख्या कॉलेजात एकच थंडगार खोली होती: कॉम्प्युटर लॅब. गारवा माणसांसाठी नव्हता. यंत्रं परदेशी जातीची, त्यांना ऊन सोसत नाही, म्हणून एसी. पोरं इतिहासाचा पेपर पत्र्याखाली लिहायची आणि यंत्रं गोधडी मागतील अशा थंडीत बसायची. दुपारचं जेवण झालं की प्राचार्य 'तपासणीसाठी' लॅबमध्ये यायचे, खुर्चीत बसायचे, आणि चांगली घोरेपर्यंत तपासणी करायचे. दाराबाहेर त्यांच्याच सहीची पाटी होती: चपला बाहेर काढाव्यात. कारण विचारलं तर म्हणाले, "व्हायरस येतो हो धुळीतून." कॉमर्सचे पदवीधर होते. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी पायही धुवायला लावले असते. तेव्हा ती सवय लागली, ती लागलीच.

प्रोजेक्ट म्हणजे त्या काळात काय होतं, हे त्या टी-शर्टवाल्या पोरांना सांगून पटणार नाही. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्ट तयार मिळायचे, जसे सत्यनारायणाच्या पूजेचे पुडे मिळतात. काळं किंवा मरून बायंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आत कॉलेजच्या नावाची जागा मोकळी. पोरांच्या आवडीचे विषय दोन. एक, हॉटेल व्यवस्थापन. दुसरा, विमान आरक्षण. ज्या पोरानं विमान फक्त आभाळात पांढरी रेघ ओढून जाताना पाहिलेलं, तो चोपड्याहून एसटीनं येऊन मला सांगायचा, "सर, हे बिझनेस क्लासचं मोड्यूल." हॉटेलात राहायचं सोडा, ज्यानं लग्नातसुद्धा कधी पलंगावर पाठ टेकली नव्हती, तो 'डीलक्स सूट'चे दर टाकायचा. आणि असला ऐवज कुणी चोरू नये म्हणून प्रत्येक जण आपल्या प्रोग्रॅमला कुलूप लावायचा. पासवर्ड हटकून वर्गातल्या एखाद्या मुलीचं नाव असायचं, त्यामुळे तो सगळ्यांनाच ठाऊक असे, फक्त त्या मुलीला सोडून.

या थोतांडाचा मला मनापासून वीट आला होता. मी तेव्हा नवा मास्तर होतो, आणि नव्या मास्तराला जग सुधारायची जी खाज असते तिला औषध नाही. गावात एका विश्वस्त मंडळाची लहानशी रक्तपेढी होती. कुणी तरी त्यांना एक कॉम्प्युटर दान दिला होता. तो प्लॅस्टिकच्या झबल्यात झाकून ठेवलेला असायचा आणि दसऱ्याला त्याच्यावर झेंडू वाहिला जायचा. मी तिथल्या डॉक्टरसाहेबांना जाऊन म्हटलं, "माझी पोरं तुम्हाला रक्तदात्यांचा प्रोग्रॅम लिहून देतील. रक्तगट टाकला की माणूस समोर. फुकट." फुकट म्हटल्यावर ते घाबरले. पण मग हो म्हणाले.

अट एकच ठेवली: कुलूप नाही. आतला कोड फ्लॉपीवर उघडा. ज्याला हवा त्यानं न्यावा, ज्याला चूक दिसली त्यानं सुधारावी, आणि सुधारलेली फ्लॉपी परत आणून द्यावी. 'ओपन सोर्स' हा शब्द तेव्हा जळगाव स्टेशनावर उतरलेला नव्हता. आम्ही म्हणायचो, 'फ्लॉपी फिरती ठेवणं'. एवढीच काय ती अगदी नवी शिक्षणपद्धती. पृथ्वी उचलणारे हात आमच्याकडे नव्हते. आमचे हात फ्लॉपीला बुरशी लागू नये म्हणून ती कापसाच्या बोळ्यानं पुसण्यात गुंतलेले असत.

पहिल्या बॅचनं प्रोग्रॅम लिहिला. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं होतं, की प्रत्येक माणसाची नोंद ओळखायला अशी एक गोष्ट निवडा जी दुसऱ्या कुणाची असणार नाही. पोरांनी डोकं खाजवलं. नावं धरावीत तर अर्धा जिल्हा पाटील, उरलेला चौधरी आणि महाजन. त्यात बापांची नावंही तीच. मग त्यांना फोन नंबर सुचला. एका नंबराला एक माणूस. मी शाबासकी दिली, सही केली. पुस्तक लिहिणारा ज्या देशात राहत होता तिथं बहुधा प्रत्येकाच्या उशाशी फोन असावा. आमच्या पिंप्राळ्यात आख्ख्या गल्लीला एक फोन होता, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, गुळाच्या ढेपेशेजारी. बाकी सगळ्यांचा तोच 'पी.पी. नंबर'. लग्नपत्रिकेवर तोच, नोकरीच्या अर्जावर तोच. फोन आला की दुकानदार नानाशेठ तागडी हातात धरूनच गल्लीत तोंड काढून ओरडायचे, आणि ज्याचं नाव ऐकू येईल तो ओल्या अंगानं धावत सुटायचा.

आता रक्तदान शिबिरात त्या गल्लीतली माणसं एकामागून एक आली. प्रत्येकानं तोच नंबर सांगितला. आणि आमच्या प्रोग्रॅमनं अतिशय इमानानं प्रत्येक नव्या माणसाला आधीच्याच्या जागेवर बसवलं. पुस्तकाच्या मते ते एकच गृहस्थ होते, जे सारखं नाव बदलत होते.

हे कळलं ते पुढच्या वर्षी, दुसऱ्या बॅचमध्ये. तेव्हा माझ्याकडे दोघं होते. सलीम पिंजारी, आमच्याच गल्लीच्या मागे राहणारा. वडील गाद्या पिंजायचे. आणि भडगावची वैशाली, जी वर्गात पहिल्या बाकावर बसून माझ्या चुका फळ्यावरून वहीत न घेता परस्पर सुधारून घ्यायची. मार्चमधली एक दुपार. सिव्हिलमध्ये बाळंत झालेल्या एका बाईला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. रक्तपेढीनं कॉम्प्युटर उघडला, त्यात तसलं माणूस एकही निघेना. शेवटी धुळ्याहून जीपनं पिशवी आली आणि बाई वाचली. दुसऱ्या दिवशी ही हकीकत मी लॅबमध्ये सांगत होतो, तर सलीम ऐकता ऐकता उभाच राहिला.

"सर, मी ओ निगेटिव्ह आहे ना."

"मग नाव दिलं नाहीस?"

"दिलं सर. शिबिरात सगळ्यात आधी. अम्मीला न सांगता."

आम्ही प्रोग्रॅम उघडला. सलीमच्या नंबरावर नानाशेठ विराजमान होते, बी पॉझिटिव्ह, कारण शिबिरात ते सगळ्यात शेवटी आले होते. सलीमनं पडद्यावरच्या नानाशेठवर बोट ठेवलं. "सर, मी काल सिव्हिलपासून दोन गल्ल्या सोडून बसलो होतो," एवढंच म्हणाला.

त्यानंतर त्या दोघांनी जे काम केलं, तसं मी पुढे पगार घेणाऱ्या माणसांनाही करताना पाहिलं नाही. नंबराला माणूस, ही ओळखच त्यांनी उपटून काढली. फोनच्या शेजारी नवा रकाना आला: कुणाच्या घरी, आणि काय नावानं हाक मारायची. कारण 'प्रल्हाद तुकाराम महाजन' असं ओरडलं तर गल्लीत कुणीच बाहेर येत नाही. 'ए पल्हाद आबा' म्हटलं की येतो. वैशालीनं आधीच्या बॅचचा निरुपयोगी पसारा इतका छाटला की छापील कोड अर्धा उरला. ती खुशीत होती. मी त्याहून खुशीत होतो. रक्तपेढीत नवी फ्लॉपी घेऊन गेलो तर डॉक्टरसाहेब म्हणाले, "चालू आहे ना सर? मग चालू द्या. उगाच हात लावला आणि बंद पडलं म्हणजे?" फ्लॉपी परत लॅबच्या कपाटात. आता परीक्षा झाली, विद्यापीठाचा शिक्का बसला, की मग त्यांना पटवू, असं मी पोरांना म्हणालो.

परीक्षा आखाजीच्या तोंडावर आली. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा दिवाळीपेक्षा मोठा सण. लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधले जातात, भर उन्हात गाणी म्हणतात, आणि घरोघर आंब्याचा रस. परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या आवारातल्या निंबाखाली वैशालीचे वडील, आबा, पांढऱ्या टोपीत, कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. लेकीला सणाला न्यायला आले होते. मला पाहून उभे राहिले.

"सर, पोरनं वरीस वाया जावाले नको. बठ्ठं गाव इचारस, कॉम्प्युटरमा काय शिकनी?"

"नाही जाणार, आबा. काम चांगलं आहे."

"काम चांगलं शे, ते मीबी जाणस. पन पास करनारले ते समजाले जोयजे ना!"

आणि तोच प्रश्न होता. पास करणारे होते धुळ्याहून आलेले बाहेरचे परीक्षक, देवरेसर. जाडजूड, पावडर लावलेले, बुशशर्टाच्या खिशात तीन रंगांची पेनं. ते विमान आरक्षणावर खूश झाले. हॉटेल व्यवस्थापनावर त्याहून खूश, कारण त्यात हॉटेलचं चित्र लुकलुकत होतं. प्रत्येक बायंडिंग हातात घेऊन ते आधी वजन बघायचे. भाजीवाली दुधी जोखते तसं. मग सलीम आणि वैशालीचं पुस्तक उचललं. हलकं लागलं. उघडलं. मग डोळे बारीक झाले.

"हा तर गेल्या वर्षीचाच प्रोजेक्ट, मी तपासलेला. नाव तेच. आतल्या ओळीसुद्धा त्याच. इथं तर गेल्या वर्षीच्या पोरांची नावं लिहिलेली आहेत!"

"हो सर," मी उत्साहानं पुढे सरसावलो, "ती मुद्दाम ठेवलीत. ज्यानं लिहिलं त्याचं नाव पुसायचं नाही, असा आमचा—"

"म्हणजे कॉपी. नावासकट."

मी समजावलं. मी पुष्कळ समजावलं. चाललेलं दुरुस्त करणं हे नवं लिहिण्यापेक्षा कसं अवघड, एकाचं काम दुसऱ्यानं पुढे कसं न्यायचं, उद्याचं जग कसं याच रीतीनं चालणार आहे. त्या थंड खोलीत मला घाम फुटला. देवरेसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गेल्या वर्षी किती पानं होती?"

"याच्या दुप्पट."

"म्हणजे यांनी कमी केलं."

कॉपीचा शेरा म्हणजे प्रोजेक्टला शून्य, आणि शून्य म्हणजे वर्ष गेलं. वैशालीचं काय होणार ते निंबाखाली बसलेलं होतं. सलीमचे मामा सुरतेला लूमवर होते आणि 'पोरगा नापास झाला की पाठवून द्या' असा त्यांचा निरोप घरात कायमचा येऊन पडलेला होता.

सलीमनं घसा खाकरला. "सर, तुमचा फोन नंबर सांगता का?"

देवरेसर जरा फुलले. फोन असणं तेव्हा फुलण्यासारखंच होतं. नंबर सांगितला.

"हा फोन आणखी कुणी वापरतं का, सर?"

"घरमालकांचाच आहे. खालून हाक मारतात."

सलीमनं गेल्या वर्षीचा प्रोग्रॅम लावला, देवरेसरांची नोंद केली. मग त्याच नंबरावर घरमालकांची. मग देवरेसरांना शोधलं. पडदा म्हणाला, असं कुणी नाही.

"मी कुठे गेलो?" देवरेसर खुर्चीतून पुढे झुकले.

"घरमालक बसलेत सर तुमच्या जागेवर," वैशाली शांतपणे म्हणाली. मग तिनं नवा प्रोग्रॅम लावला. दोघं सापडले, एकाखाली एक, आणि पुढे लिहिलेलं: खालच्या मजल्यावर, 'देवरेसर' अशी हाक मारणे.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, जिंकलो. आणि ते खरंच म्हणाले, "समजलं मला. चांगलं आहे." मग हळू आवाजात, "पण दिसत नाही हो."

"काय दिसत नाही?"

"काम. प्रोग्रॅम चालू केला की गेल्या वर्षी निळा पडदा, या वर्षीही निळाच. विद्यापीठात उद्या कुणी विचारलं, यांना मार्क कशाचे दिले, तर मी काय दाखवू? तुम्ही असं करा. मी जेवून येतो. तोवर काही तरी नवीन दिसू द्या. नाही दिसलं तर मला कॉपीच लिहावं लागेल."

तो माणूस मूर्ख असता तर मला इतका राग आला नसता. त्याला समजलं होतं! समजूनही त्याला लुकलुकणारं काही तरी हवं होतं. असल्या माणसांची विद्यापीठात रांग लागलेली असते, आणि रांगेच्या तोंडाशी त्यांनाच बसवलेलं असतं. मी पोरांकडे पाहिलं. वैशालीचा चेहरा दगडासारखा. "आम्ही बरोबर केलंय सर. मी आता त्यात काही घुसवणार नाही," ती म्हणाली. सलीम मात्र खुर्ची पुढे ओढत होता. "तू नको घुसवू. मला सुरतेला नाही जायचं."

परीक्षकांना जेवायला आपल्या घरी न्यायचं, हा आतल्या परीक्षकाचा धर्म. बायकोनं सकाळपासून खपून खापरावरचे मांडे केले होते आणि पातेलंभर रस काढला होता. एरवी परीक्षकांसाठी रांधावं लागतं म्हणून ती जितकी चिडायची, त्याहून जास्त मी चिडायचो. त्या दिवशी मी पंखा हलवत देवरेसरांना आग्रह करत होतो. "आणखी एक मांडा घ्या. रस घ्या. अहो, वाटी कसली, ताटातच वाढ गं." बायको माझ्याकडे बघायला लागली, उन्हानं याच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय. तिला काय माहीत, प्रत्येक वाटीमागे मी सलीमला चार ओळी मिळवून देत होतो. देवरेसर जेवले, ढेकर दिली, आणि कूलरसमोर सतरंजीवर आडवे झाले. मी गल्लीतल्या आईस्क्रीमवाल्यालासुद्धा घंटी वाजवू दिली नाही.

गेल्या आठवड्यात त्या तरुण प्राध्यापकांच्या पडद्यावर एक ओळ आली होती: अशा प्रकल्पांतून विद्यार्थ्यांना खऱ्या जगाचा अनुभव मिळतो. ती वाचून मी एकटाच हसलो. खोकला आल्यासारखं करावं लागलं. खऱ्या जगाचा अनुभव म्हणजे काय असतो, बाळांनो, तर कुणी तरी गळ्यापर्यंत रस पिऊन घोरत असतं आणि त्याला जाग यायच्या आत तुम्हाला नाच बसवायचा असतो.

आम्ही लॅबमध्ये परतलो, चपला काढल्या. सलीमनं कळ दाबली. निळा पडदा काळा झाला. वरून एक लाल थेंब उतरला, फुली आणि शून्यांचा बनवलेला, मध्येच लटकला, डावी-उजवीकडे डुलला, 'टिंऽऽ' असा आवाज करत खाली पडला आणि त्याची अक्षरं झाली: रक्तदान श्रेष्ठदान. तीही रोमन लिपीत. तेही वळणं घेत.

देवरेसर म्हणाले, "वा!" मग म्हणाले, "परत दाखव." थेंब परत पडला. शेजारच्या टेबलावरची पोरं, लॅबचा शिपाई, तपासणीला आलेले प्राचार्य, सगळे गोळा झाले. प्राचार्यांना हे रक्त मशीनमधून खरोखर बाहेर येणार का, अशी शंका आली. देवरेसरांनी लाल पेन काढलं आणि मार्कलिस्टच्या शेऱ्यात माझ्यासमोर लिहिलं: 'चलच्चित्र उत्तम.' बस्स. दोघांना वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. ज्या कामासाठी एका पोरानं झोप घालवली होती आणि एका पोरीनं कुणाचं तरी अर्धं पुस्तक छाटलं होतं, त्याच्याबद्दल शब्द नाही. वैशाली चपला सरकवून बाहेर गेली. निंबाखालून आबांचा आवाज आला, "पास?" तिनं नुसती मान हलवली. आबांनी टोपी काढून वर आभाळाकडे पाहिलं आणि पिशवीतला एक आंबा, धरणीला ठेवावा तसा, निंबाच्या बुंध्याशी ठेवला.

याच्या पुढचं ऐकाल तर तुम्हालाही त्या थेंबाचा राग येईल. रक्तपेढीच्या डॉक्टरसाहेबांना मी मे महिन्यात तीच फ्लॉपी दाखवली. रकाने, नावं, हाका, सगळं समजावू लागलो. त्यांचं लक्ष नव्हतं. थेंब पडला. "अरे! हे आधी का नाही सांगितलंत?" म्हणाले आणि त्याच दिवशी जुना प्रोग्रॅम काढून नवा बसवायला लावला. विश्वस्तांना बोलावून दाखवला. मला तर त्यांच्या अडाणीपणाचा इतका उबग आला की चहाला थांबलो नाही. पण त्या थेंबाच्या पाठीवर बसून सलीमची दुरुस्ती आत शिरली होती. पावसाळ्यात एकदा दुपारी गल्लीत नानाशेठचा आवाज घुमला, "ए सलीम! रक्तपेढीवाले तुले बलावता रे, पटकन जाय!" आणि सलीम ओल्या अंगानं धावला. त्या वर्षी तो सुरतेला गेला नाही. नाशिकला नोकरीला लागला.

पुढच्या बॅचेसनी फ्लॉपी फिरती ठेवली, अगदी नेमानं. माझ्या पद्धतीचा विजयच म्हणायचा. प्रत्येक बॅचनं तिच्यात भर घातली. एकीनं थेंबाला डोळे दिले. दुसरीनं दोन थेंब केले आणि त्यांचं लग्न लावलं. तिसरीनं आवाजात सनई घातली. रकान्यांना कुणी हात लावला नाही. सगळं खुलं होतं, आतला कोड कुणालाही बघता येत होता, आणि म्हणूनच कुणी बघितला नाही.

हे मी त्या टी-शर्टवाल्या पोरांना सांगणार होतो. भाषणाची वेळ आली तेव्हा लंगडत उठलो, नारळ घेतला, 'उपक्रम स्तुत्य आहे' म्हणालो आणि लंगडत बसलो.

परीक्षेच्या त्या संध्याकाळी मात्र मी घरी आलो तो धुमसत. बायको मोठं पातेलं घासत ओट्याशी उभी होती. मी पिशवी आपटली. "पास झाले. थेंबामुळे! आत काय केलंय ते कुणी विचारलं नाही. नुसता वरचा नाच बघितला. इतकी उथळ माणसं, इतकी बाहेरून भुलणारी माणसं, मी आयुष्यात पाहिली नाहीत. काम करणारा मरमर मरतो, आणि—"

ती पातेलं विसळत होती. पाणी जाताना मोरीनं घुर्रर्र केलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्याकडे पाहुणे आले की तुम्ही त्यांना शोकेसमधली तुमची कपबशी दाखवता, वादविवाद स्पर्धेत बक्षीस मिळालेली. गेल्या महिन्यात ही मोरी तुंबली होती, ती कुणी उपसली, हे आजवर एका तरी पाहुण्याला सांगितलंत का?"